दोन-एचा पास

गुणवंतरावांनी बघितलं होतं. तक्रार काय, कोणीही करतो. विमानात चहा कोमट मिळाला तरी लोक चार-चार पानं खरडून पाठवतात. पण गुणवंतरावांनी बघितलं होतं आणि जे बघितलं ते त्यांना समजलं होतं, हे रुपालीला चार दिवसांपासून सोडत नव्हतं. नागपूरच्या विमानतळावर त्या सकाळी रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्यांना एवढंच दिसलं असणार की कंपनीची एक पोरगी काउंटरकडे पाठ करून भिंतीला तोंड लावून उभी आहे आणि दुसरी पोरगी समोरच्या दोन बोर्डिंग पासांपैकी एकावर बोट ठेवून तिला काहीतरी विचारते आहे. पहाटेपासून संगणक बंद, सगळं काम हाताने चाललेलं. डोकं धरलं असेल बिचारीचं, असं वाटलं असेल त्यांना. गुणवंतराव मात्र दोन पावलं पुढे आले, चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी हळू, जवळजवळ मायेनं म्हणाले, "बाई, मी चंद्रपूरकडचा, मूलचा आहो. मले समजते हे." मग त्यांनी आपला चौदा-बीचा पास उचलला, नीट दुमडून खिशात घातला आणि एक शब्द न बोलता सुरक्षा तपासणीकडे चालू लागले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं रुपालीला तेव्हाही वाटलं आणि आता, चंद्रपूरहून गोंडपिपरीला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसल्यावरही वाटत होतं.

मे महिना होता. खिडकीच्या दांड्याला हात लावायची सोय नव्हती. मांडीवर पर्स, पर्समध्ये एक कोरा कागद, आणि त्या कागदावर सोमवारी सकाळी दहाच्या आत काय लिहिलेलं असावं याचा तिला काही पत्ता नव्हता. भूपेश सर, म्हणजे त्यांचे स्टेशन मॅनेजर, वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला केबिनमध्ये बसवून पाणी दिलं, गुणवंतरावांचं इंग्रजी पत्र वाचून दाखवलं. पत्रात लिहिलं होतं, मी तुमचा गोल्ड कार्डधारक आहे, वर्षाला पन्नास वेळा तुमच्या विमानात बसतो, आणि तुमच्या कर्मचारीबाईंनी माझी सीट तळ्यावरच्या मासोळीसारखी वाटून टाकली. 'मासोळी' हा एकच शब्द त्यांनी मराठीत ठेवला होता. भूपेश सरांना तो प्रकार काही उमगला नव्हता. ते म्हणाले, "हे काय लिहिलं त्यांनी? जाऊ दे. तू दोन दिवस घरी जा, शांत डोक्यानं खुलासा लिही. जूनमध्ये तुझं कायम होण्याचं पत्र निघणार आहे, ध्यानात ठेव." ते ध्यानात नव्हतं असा एक दिवस गेला नव्हता. गावात बारावीच्या पुढे गेलेली ती पहिली पोरगी. तिचा गणवेशातला फोटो आईनं फ्रेम करून देवांच्या बाजूला लावला होता, आणि गल्लीतली माणसं अजूनही विचारत, आपली रुपाली विमान चालवते का?

ती विमान चालवत नव्हती. विमानात कोण कुठे बसणार हे ठरवत होती, आणि ते चालवण्यापेक्षा अवघड आहे हे कोणाला पटलं नसतं. मागच्या वर्गात जागांपेक्षा जास्त तिकिटं विकायची ही कंपनीची रीत. चार-दोन माणसं येतच नाहीत हा हिशोब. सगळीच आली, तर कोणाला तरी पडद्यापुढच्या पहिल्या वर्गात फुकट बसवायचं. कोणाला, ते प्रशिक्षणात तीन दिवस शिकवलं होतं. आधी कार्डाचा रंग बघायचा: प्लॅटिनम, मग गोल्ड, मग सिल्व्हर. रंग सारखा असेल तर महाग तिकीट कोणाचं, मग वर्षात जास्त फेऱ्या कोणाच्या. हे सगळं संगणक सांगतो. संगणकाच्या पुढची गोष्ट मात्र मुंबईहून आलेल्या शिक्षिकेनं आवाज खाली आणून सांगितली होती: माणूस एकटा आहे का बघा, बरोबर लेकरू नको, आणि बूट बघा. पुढच्या रांगेत ज्यांनी मोजून पैसे भरलेत त्यांना शेजारी कोण बसलंय ते आवडलं पाहिजे. जो मागतो त्याला द्यायचं नाही. आणि ज्याला दिलं त्याला, ज्याला नाही दिलं त्यालाही, कारण सांगायचं नाही. कारण सांगितलं की त्याचा हक्क होतो. नुसतं हसायचं आणि नवा पास हातात ठेवायचा. रुपालीनं हे सगळं वहीत उतरवून घेतलं होतं, 'बूट' या शब्दाखाली रेघसुद्धा मारली होती.

कोठारी गाव मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सागाची पानगळ झालेली, उघडी जंगलं. मधूनच पळसाचं एखादं हिरवं झाड. गुणवंतराव कधी मागत नसत. कोळशाच्या ट्रकांचा मोठा कारभार असलेला माणूस. तो कार्ड काउंटरवर ठेवायचा आणि दुसरीकडे बघायचा. त्याचं ते दुसरीकडे बघणं रुपालीला मागण्यापेक्षा जास्त टोचायचं. मागच्या वर्षभरात तिनंच त्यांना अकरा वेळा पुढे बसवलं होतं, नियमात बसवून, हसून. आणि धनराज म्हणून तो दुसरा, वीजकेंद्रातली यंत्रं दुरुस्त करत हिंडणारा, त्याचंही कार्ड गोल्डच. त्याला एकदाही नाही. नखांत तेल, पायात धुळीनं पांढरे पडलेले जाड बूट, आणि पास हातात येण्याआधीच झोपेला आलेले डोळे. त्या दिवशी संगणक बंद पडला आणि हातात फक्त छापील यादी उरली. यादीत कार्डाचा रंग होता, फेऱ्या नव्हत्या, तिकिटाची किंमत नव्हती. पुढे एक जागा रिकामी, दोन-ए, मागे एक, चौदा-बी; गोल्डवाले दोघं, दोघं एकटे. भूपेश सर धावपट्टीकडे गेलेले. शेवटची वीस मिनिटं उरलेली. रुपालीनं गुणवंतरावांकडे बघितलं, ते दुसरीकडे बघत होते. धनराजकडे बघितलं, तो उभ्या-उभ्या पेंगत होता, आणि तिची नजर आपसूक त्याच्या बुटांवर गेली. आपण बूट बघितले, या गोष्टीची तिला इतकी शरम वाटली की पुढचं सगळं त्या शरमेतच घडलं. कोण पुढे जाईल ते ठरवायची तिला अचानक भीती वाटली. ते आपल्याकडून व्हायला नको होतं. ती शेजारच्या करिश्माला म्हणाली, "दोनातल्या एकावर बोट ठेव. मी पाठ फिरवतो." करिश्मा एटापल्लीकडची. तिच्याही गावात माशांचे हिस्से असेच, एकाला पाठ फिरवायला लावून, वाटतात, म्हणून तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिनं नावं न लिहिलेले दोन्ही पास शेजारी-शेजारी ठेवले, एकावर बोट टेकवलं आणि विचारलं, "हा कोनाचा?"

आणि रुपालीला ऐकू आलं होतं. इथेच सगळं अडत होतं. पहिल्या वर्गाचा पास जाड, गुळगुळीत पुठ्ठ्याचा. मागच्या वर्गाचा साधा पातळ कागद. पातळ कागदावर बोट ठेवलं तर आवाज होत नाही. पुठ्ठ्यावर करिश्माचं नख वाजलं, टक् असं. किंवा वाजलं नाही. किंवा वाजलं ते मागच्या कुणाचं तरी पेन. ती म्हणाली, "धनराज." वळून बघितलं तर करिश्माचं बोट दोन-एच्या पासावर होतं, आणि तिच्या छातीत काहीतरी मोकळं झालं, आनंद झाला, आणि तो आनंद चिठ्ठी निघाल्याचा नव्हता, नेम लागल्याचा होता. धनराज तर पास बघून घाबरलाच. म्हणाला, "मॅडम, जास्तीचे पैसे भरावे लागतील का?" तेव्हापासून चार दिवस तिच्या कानात ते नख वाजत होतं. जेवताना ताटाला चमचा लागला की टक्. कंडक्टरनं तिकिटाच्या डब्यावर पंच आपटला की टक्. प्रत्येक वेळी ती श्वास धरून ऐकायची, की त्या दिवशी असाच होता का आवाज? कधी अगदी खात्री वाटायची की असाच होता. कधी वाटायचं की नंतर घाबरून आपणच तो घडवला. ज्या माणसाला आपल्या स्वतःच्या कानाची साक्ष काढता येत नाही त्यानं कागदावर काय लिहायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

घरी पोचली तेव्हा आईनं, प्रेमिलानं, विचारलं, "अशी अधेमधे कशी आली वं?" आणि उत्तराची वाट न बघता पाटवड्या थापायला घेतल्या. वडील शालिकराम तळ्यावर गेले होते. उद्या तळं उतरायचं होतं. पाणी कमरेएवढं आलं की सगळी मासेमार घरं मिळून जाळी ओढतात, ही गावाची वर्षानुवर्षांची पद्धत, आणि नेमकी तीच तारीख आली होती. रुपालीला वाटलं, परत जावं. पण परत कुठे जाणार? नागपूरच्या खोलीवर करिश्माही राहत होती, आणि करिश्माच्या डोळ्यांत डोळे घालायची तिची टाप नव्हती. करिश्मानं लेखी देऊन टाकलं होतं की रुपालीताईंनी सांगितलं तसं मी केलं. खरंच होतं ते. तरी लिहिताना ती रडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या बांधावर, पाळीवर, सगळा गाव. चिखलाचा, माशांचा, तापलेल्या मोहाच्या झाडांचा वास एकमेकांत मिसळलेला. तो वास नाकात गेला आणि रुपाली आठ वर्षांची झाली. अशाच सकाळी पळसाच्या पानांवर हिस्से मांडले होते, जेवढी घरं तेवढे ढीग. बारीक मासोळी सारखी वाटता येते, पण मोठी मरळ एकच निघते, आणि ती कापून बारा घरांत घातली तर कोणाच्याच तोंडाला लागत नाही. म्हणून ती अख्खी एका ढिगावर ठेवायची आणि एका लेकराला ढिगांकडे पाठ करून उभं करायचं. ढिगावर बोट ठेवून एकानं विचारायचं, हा कोणाचा? लेकरानं एका घराचं नाव घ्यायचं. त्या वर्षी रुपालीला उभं केलं होतं. बोट ठेवणारे हरिदासकाका. चार ढीग झाले, पाच झाले. मग काकांनी विचारलं, "हा कोनाचा?" आणि त्याच क्षणी मागे पानावर फडफड झाली. मरळ लवकर मरत नाही. पाण्याबाहेर तासभर जिवंत राहते आणि कोणी हात जवळ आणला की शेपटी आपटते. हे कोळ्याच्या पोरीला ठाऊक नसेल तर कोणाला? रुपाली म्हणाली, "शालिकरामचा." लोक हसले, म्हणाले, पोरीचा हात लाभला घराला. आईनं रस्सा केला. रुपालीनं दोनदा मागून घेतला. ती गोष्ट तिनं कोणाला सांगितली नाही. लहानपणची लबाडी, एवढ्याशा पोराला काय कळतं, असं म्हणून तिनं ती वीस वर्षं बाजूला सारली होती, आणि खरं तर चांगलीच सरली होती.

यंदा आचलला उभं केलं होतं. शेजारच्या घरातली, दोन वेण्यांची. रुपाली बायकांच्या घोळक्यात उभी राहून ढिगांकडे न बघता त्या पोरीच्याच पाठीकडे बघत होती. असं तिनं कधी बघितलं नव्हतं. बघणारे नेहमी मरळीकडे बघतात. पोर अगदी सरळ उभी होती, पण तिची मान आणि खांदे मागचं सगळं टिपत होते. कोणाचा पाय सरकला, कोण खाकरलं, बोट कुठल्या बाजूनं कुठे गेलं, पाठीला सगळं कळत होतं. आठव्या ढिगावर मरळ होती. बोट खाली आलं, शेपटी पानावर वाजली. आचलची मान ताठ झाली. मग ती म्हणाली, "बुधरीचा." सगळ्यांना आनंद झाला. बुधरी एकटी म्हातारी, जाळं ओढायचीही ताकद नाही तिच्यात. म्हातारीनं पदराला हात पुसले आणि मरळ दोन्ही हातांनी उचलली. रुपालीला कळलं. पोरीनं ऐकलं होतं. ऐकून दिलं होतं. किती चांगलं केलं, असं तिच्या मनात आलं आणि त्याच्या पाठोपाठ असंही आलं की मग मीही चांगलंच केलं की. या दुसऱ्या विचारानं तिला जरा उभारी आली. चार दिवसांत पहिल्यांदा.

दुपारी शालिकराम अंगणात जाळं वाळत घालत होते तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. पास, पुठ्ठा, नख, धनराजचे बूट, गुणवंतराव. विमानाचा पहिला वर्ग म्हणजे काय ते वडिलांना समजावता-समजावता तिलाच हसू आलं. शालिकराम हसले नाहीत. जाळ्यातली काटकी काढत राहिले.

"तुले ऐकू आलं का?" त्यांनी विचारलं.

"तेच तं समजून नाई राह्यलं, बाबा. आलं असन बी, नसन बी."

"येतेच. पाठ फिरवली का मानसाले जास्तच ऐकू येते. तुले का वाटलं, आमी येडे हाओ? इतक्या वर्सांपासून लेकरायले उभं करून राह्यलो."

"मंग काऊन उभं करता?"

"दुसरा उपाव नाई म्हनून. आयकून बी जे लेकरू न आयकल्यासारखं नाव घेते, त्याले उभं करतो. भेटते असं एखादं."

"आचलनं बुधरीले देल्लं. चांगलं नाई केलं?"

"लय चांगलं केलं. पोरीचं मन चांगलं हाय." त्यांनी काटकी फेकून दिली. "पुढच्या वर्सी तिले नाई उभं करनार."

"काऊन बाबा?"

"आज कीव आली त्याले देल्लं. उद्या राग आला त्याले नाई देनार. बुधरीले द्याचंच असन तं आमी सारे मिळून देऊ ना, साऱ्यायच्या समोर, उजागरीनं देऊ. पाठ फिरवून काऊन?"

रुपालीनं अंगणात पडलेली ती काटकी उचलली. गुणवंतरावांचा चेहरा तिच्यासमोर आला, दुसरीकडे बघणारा. धनराजवर माया होती हे खरं, पण ती किती? गुणवंतरावांना आज एकदा मधल्या सीटवर दोन जाड माणसांमध्ये बसवावं, ही उबळ त्याहून जुनी होती. अकरा वेळा हसून-हसून साचलेली. हे तिनं आतापर्यंत स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. मग तिच्या तोंडून उगाच निघालं, "मीनं बी एकदा असं केल्तं. लहान असताना."

"मालूम हाय मले."

"का मालूम हाय?"

"मरळ. त्या दिवशी मी रस्सा नाई खाल्ला, तुया ध्यानात नसन." शालिकराम पहिल्यांदा तिच्याकडे वळले. "पन दुसऱ्या वर्सी तुले काऊन नाई उभं केलं, हे कधी इचारलं तुनं?"

तिनं विचारलं नव्हतं. आपण मोठे झालो, शाळेत जायला लागलो, म्हणून दुसरं पोर आलं, असंच ती धरून चालली होती. म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. हरिदासकाकांना, बुधरीला, विमान चालवते का म्हणून कौतुकानं विचारणाऱ्या सगळ्यांना. कोणी शब्दानं बोललं नव्हतं, कोणी तिला कमी लेखलं नव्हतं. फक्त परत पाठ फिरवायला बोलावलं नव्हतं. आणि ज्या पोरीला गावानं वीस वर्षांपूर्वी या कामावरून काढलं होतं तिनंच जाऊन तेच काम विमानतळावर मांडलं होतं. तिचे कान तापले. आपण आपल्याच अंगणात उघड्यावर उभे आहोत असं तिला वाटलं आणि आईनं आतून हाक मारली तरी ती आत गेली नाही.

कागदावर तीन वाक्यं लिहायला तिला तासभर लागला. ऊन उतरल्यावर ती मोबाइल घेऊन पाळीवर गेली, कारण गावात तिथेच आवाज नीट पोचायचा. भूपेश सरांनी लगेच उचलला. ते खुशीत होते.

"अगं, मी रस्ता काढला आहे," ते म्हणाले. "तू एवढंच लिही, की संगणक बंद होता म्हणून कार्डाच्या क्रमांकानुसार जागा दिली. मी तपासलं, धनराजचा क्रमांक आधीचा आहे. विषय संपला. ती पाठ फिरवायची भानगड त्यांच्या डोळ्यांना झालेला भास म्हणू."

"सर, मी लिहिलं आहे. वाचून दाखवते." तिनं घसा साफ केला. "'दोघांमध्ये निवड करता येईना म्हणून मी पाठ फिरवून नाव घेतलं. बोट कोणत्या पासावर आहे ते मला ऐकू आलं होतं. करिश्माला यातलं काही माहीत नव्हतं, ती फक्त बोट ठेवून उभी होती.'"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"ऐकू आलं म्हणजे?" ते म्हणाले. "नक्की आलं होतं?"

"पहिल्या दिवशी विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं, सर. आता तसं म्हणता येत नाही."

"हे बघ रुपाली. पहिलं वाक्य मी एखादवेळेस खपवीन. पोरगी घाबरली, बालिशपणा केला, समज देऊन सोडली, असं वर कळवतो. तिसरंही राहू दे. पण ते मधलं वाक्य वर गेलं तर मी तुला वाचवू शकत नाही. ते मुद्दाम केलेलं ठरतं. तेवढं एक काढ."

"ते काढलं तर पहिलं खोटं होतं, सर."

पलीकडे भूपेश सरांची खुर्ची करकरली. तळ्याच्या तळाशी उरलेल्या पाण्यात दोन म्हशी बसल्या होत्या. रुपालीला भीती वाटत होती, चार दिवस वाटत होती तेवढीच, काकणभरही कमी नाही. जून, ते पत्र, आईनं लावलेला फोटो, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं होतं. तरी तिनं कान फोनला घट्ट लावून ठेवला.

"विचार कर," शेवटी ते म्हणाले. "उद्या दहापर्यंत वेळ आहे."

"विचार झाला, सर," ती म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला आणि तो तिनं तसाच जाऊ दिला. "एवढं फक्त सांगा, उद्या गणवेश घालून येऊ, की धुऊन, घडी करून आणू?"